कोयनेचे थेंब आणि विश्वाचा परीघ

पावसाळ्यात पाटण तालुक्यात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: आज धरण किती टीएमसी झालं? कोयनानगरपासून कराडपर्यंत, आणि पुढे कृष्णाकाठच्या सांगलीपर्यंत, लोक या आकड्यावर डोळे लावून बसतात. आवक किती, विसर्ग किती, वक्राकार दरवाजे किती फुटांवर उचलले, याची चर्चा चहाच्या टपरीवरही नेमक्या आकड्यांत चालते. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की त्यात १०५.२५ टीएमसी पाणी असतं. लिटरमध्ये हे २ लाख ९८ हजार कोटी भरतं.

आता हेच पाणी थेंबांत मोजू. सलाइन लावताना साध्या संचात २० थेंबांचा एक मिलिलिटर धरतात. त्या हिशेबाने भरलेल्या कोयना धरणात सुमारे ६०० कोटी कोटी थेंब आहेत, म्हणजे ६ वर १६ शून्यं. दर सेकंदाला एक थेंब या वेगाने धरण रिकामं करायला घेतलं, तर १८९ कोटी वर्षं लागतील. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत अशी सुरू होणारी संख्यास्थानांची यादी परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. भरलेला शिवसागर थेंबाथेंबाने मोजला तरी परार्धाच्या निम्म्याहून थोडाच पुढे जातो.

या थेंबांच्या मापाने मला एक फार मोठा प्रश्न मोजून पाहायचा आहे. विश्वाला शेवट आहे का? ते सांत आहे की अनंत? प्रश्न इतका मोठा आहे की ‘ते आपल्याला कसं कळणार’ म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. पण त्याच्या उत्तराचा बराचसा भाग मोजता येतो आणि तो मोजलाही गेला आहे. त्यातला काही भाग आपल्या सह्याद्रीच्या कुशीतच मोजला गेला.

मोजणीची जुनी नोंद भास्कराचार्यांचीच आहे. त्यांचा जन्म १११४चा. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या एका नगराशी त्यांनी स्वतःचं नातं सांगितलं आहे. पुढे १२०७मध्ये त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला मिळालेल्या दानाचा शिलालेख कोरला गेला. हा मठ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी होता. तो शिलालेख आहे तेही पाटणच, पण आमचं कोयनाकाठचं नव्हे, खान्देशातलं, चाळीसगावजवळचं. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५०मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला आणि त्यात आकाशाच्या परिघाचा आकडा दिला: १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजनं. म्हणजे १८७ कोटी कोटी.

त्यांच्याच ग्रंथात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं आहे. त्यावरून त्यांचं योजन सुमारे ८ किलोमीटरचं येतं. म्हणजे त्यांच्या आकाशाचा परीघ जवळपास १६ हजार प्रकाशवर्षं झाला आणि त्रिज्या अडीच हजार प्रकाशवर्षं. दुर्बीण जन्माला येण्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा हा आकडा आहे. एका योजनाला एक थेंब धरला, तर हा सगळा परीघ कोयना धरणाच्या ३३ टीएमसीत मावतो. धरणाचा तिसरा हिस्साही लागत नाही.

हा आकडा आला कुठून, ते आकड्याइतकंच विलक्षण आहे. सगळे ग्रह योजनांच्या मापात सारख्याच वेगाने चालतात, असं तेव्हाचं गणित मानत असे. हा वेग दिवसाला सुमारे ११,८५९ योजनं. या वेगाने ग्रह एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, जेवढं अंतर तोडतो तेवढा आकाशाचा परीघ. काही जण याला ब्रह्मांडाचं माप समजत. भास्कराचार्यांनी मात्र आपलं मत वेगळं नोंदवलं. ब्रह्मांड एवढंच असेल किंवा नसेलही, हा आकडा म्हणजे ग्रहाने कल्पभरात चाललेलं अंतर आहे, एवढंच ते स्वीकारतात. जेवढं मोजलं तेवढं सांगितलं. त्यापलीकडे जे आहे त्यावर मोजमापाचा शिक्का त्यांनी मारला नाही.

आजचं विश्वविज्ञान याच चौकटीत उभं आहे. फक्त ग्रहाच्या जागी प्रकाश आला आणि कल्पाच्या जागी विश्वाचं वय, १,३८० कोटी वर्षं.

प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. पाटणहून निघाला तर सव्वा सेकंदात चंद्रावर, सव्वाआठ मिनिटांत सूर्यावर आणि चार तासांत नेपच्यूनवर. त्यापुढचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार वर्षांच्या अंतरावर. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. त्या पहाटे इथून आकाशाकडे निघालेला प्रकाश अजून चालतोच आहे. ३७ प्रकाशवर्षांवरच्या स्वाती ताऱ्याला त्याने २००४च्या सुमारास ओलांडलं. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर आहे. तिथे तो अजून पोहोचलेला नाही. आणि स्वाती, रोहिणी हे आपले अगदी शेजारी. आकाशगंगेचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षं आहे. हिवाळ्यात डोंगरावरच्या काळोखात देवयानी दीर्घिकेचा जो पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

याच्या पुढच्या पायऱ्यांवर पुण्याचं नाव आहे. २०१७मध्ये आयुका आणि आयसर या पुण्यातल्या संस्थांतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या समूहांचा एक महासमूह शोधला आणि त्याचं नाव ‘सरस्वती’ ठेवलं. त्याचं अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं. विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्यासारख्या ६ हजार आकाशगंगा एकीपुढे एक ठेवाव्या लागतील एवढा. वस्तुमान सूर्याच्या २ कोटी अब्जपट. आणि एवढा मोठा महासमूहसुद्धा दृश्य विश्वाच्या नकाशावर एक लहानसा भाग आहे.

दृश्य विश्वाची कड कुठे? वय १,३८० कोटी वर्षं, म्हणून कडही १,३८० कोटी प्रकाशवर्षांवर असणार, असं प्रथम वाटतं. पण विश्व प्रसरण पावतं आहे, म्हणून प्रकाश वाटेत असताना वाटच ताणली जाते. आपल्यापर्यंत येणारा सर्वांत जुना प्रकाश विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटला. १९६५मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी तो सूक्ष्मलहरींच्या रूपात शोधला. तो सुटला तेव्हा त्याचं उगमस्थान आपल्या जागेपासून फक्त ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षं दूर होतं. तेवढं अंतर कापायला त्याला जवळपास १,३८० कोटी वर्षं लागली, कारण पुढचं अंतर सतत वाढत होतं. आणि ते उगमस्थान आज आपल्यापासून साडेचार हजार कोटी प्रकाशवर्षांवर गेलं आहे. एकाच प्रवासाचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

म्हणून दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षं येते आणि व्यास ९,३०० कोटी. भास्कराचार्यांच्या योजनांत याचा परीघ मांडला तर ३४ वर २२ शून्यं येतात. त्यांच्या आकाशाच्या परिघाच्या हा जवळपास १ कोटी ८० लाख पट आहे. योजनाला एक थेंब या हिशेबाने त्यासाठी ५७ लाख कोयना धरणं काठोकाठ भरावी लागतील. एवढं पाणी पृथ्वीवर आहे का? आहे. सगळ्या समुद्रांच्या पाण्याचा सव्वा टक्का त्याला पुरतो. मोजलेलं विश्व कितीही अफाट असलं, तरी त्याचा परीघ थेंबांत उतरवता येतो.

पण हे झालं दिसणारं विश्व. खरा प्रश्न कडेपलीकडचा आहे. कडेवरच्या दीर्घिकेतून पाहणाऱ्याला त्याच्याभोवती तेवढंच मोठं दृश्य विश्व दिसेल, त्यातला मोठा भाग आपण कधीच न पाहिलेला असेल. शिवाय विश्वाचं प्रसरण आता वेग घेत आहे. आज सुमारे १,६०० ते १,७०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या दीर्घिकांतून या क्षणी निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीही पोहोचणार नाही. तिथला भूतकाळ आपल्याला दिसतो, वर्तमान मात्र कायमचा तुटला आहे.

विश्व सांत की अनंत, याचं एक जुनं उत्तर रात्रीच्या अंधारात शोधलं गेलं. विश्व अनंत, स्थिर आणि अनादी असतं, तर आपण कुठेही नजर टाकली तरी ती कुठल्यातरी ताऱ्यावरच टेकली असती आणि सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठासारखं झगझगलं असतं. जर्मनीच्या ओल्बर्सने १८२३मध्ये हा तिढा मांडला. रात्र काळी आहे, त्याअर्थी अनंत, स्थिर आणि अनादी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या नाहीत. पण यातली कोणती खोटी, ते अंधार सांगत नाही.

आइन्स्टाइनने १९१७मध्ये सांत विश्व मांडलं. त्याचं आकारमान ठरावीक होतं, पण त्याला कड नव्हती. त्यात सरळ चालत राहिलं की माणूस निघाल्या जागी परततो. दुसऱ्या टोकाला फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८मध्ये मांडलेलं स्थिर स्थिती विश्व: अवकाशात अनंत, काळातही अनंत, प्रसरण पावतं आणि तरी कायम सारखं. या अनंत विश्वाची बाजू जगापुढे सर्वांत जोमाने लढवणाऱ्यांत कोल्हापुरात १९३८मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर होते. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच, बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षतावादाचा अभ्यास रुजवणारे गणिती. मुलाने केंब्रिजमध्ये हॉइल यांच्याबरोबर १९६४मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, १९८८मध्ये पुण्यात आयुका उभी केली आणि १९९३मध्ये हॉइल व बर्बिज यांच्याबरोबर स्थिर स्थितीचं सुधारलेलं रूप पुढे आणलं. सूक्ष्मलहरींच्या पुराव्याने बहुसंख्य शास्त्रज्ञ विश्वाला सुरुवात मानणाऱ्या महास्फोट सिद्धान्ताकडे गेले. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, ते अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले. त्यांच्या सिद्धान्ताचं मोठेपण मला यात दिसतं की तो तपासता येत होता. विश्व सर्वकाळ सारखं असेल तर दूरचं, म्हणजे जुनं, विश्वही आजच्यासारखंच दिसायला हवं. पाहणी केली आणि ते तसं दिसलं नाही. अनंताबद्दलचं विधानसुद्धा निरीक्षणाच्या कसोटीवर घासता येतं, हे त्या वादाने शिकवलं.

आज ही कसोटी भूमितीची आहे. सपाट कागदावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश येते. गोलाच्या पृष्ठावर ती जास्त भरते. अवकाशही गोलासारखं वाकलेलं असेल, तर विश्वाएवढ्या त्रिकोणात ते उघडं पडेल. असा त्रिकोण निसर्गाने आखूनच ठेवला आहे. त्या सर्वांत जुन्या प्रकाशात किंचित गरम आणि किंचित गार ठिपके आहेत. त्यांचा खरा आकार भौतिकशास्त्रावरून काढता येतो. अवकाश सपाट असेल तर ते आकाशात सुमारे एका अंशाचे, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढे दिसावेत. गोलासारखं बंद असेल तर मोठे, उलट बाजूने वाकलेलं असेल तर लहान. १९९८च्या अखेरीस अंटार्क्टिकावर उडवलेल्या ‘बूमरँग’ फुग्याच्या २०००मध्ये जाहीर झालेल्या मोजणीने, मग ‘डब्ल्यूमॅप’ यानाने आणि २००९ ते २०१३ काम केलेल्या ‘प्लँक’ यानाने ते मोजले. उत्तर: सुमारे एक अंश. विश्वाच्या हिशेबात वक्रतेचा वाटा शून्य आहे, चूक धरली तरी हजारात दोन-चारहून जास्त नाही.

म्हणजे विश्व गोलासारखं बंद असलंच, तर त्याच्या वक्रतेची त्रिज्या २५ हजार कोटी प्रकाशवर्षांहून कमी असण्याची शक्यता फार थोडी. सरळ रेषेत निघून परत त्याच जागी येण्याचा फेरा किमान दीड लाख कोटी प्रकाशवर्षांचा.

मग सपाट म्हणजे अनंत का? इथेही घाई चालत नाही. अवकाश पूर्ण सपाट असूनही सांत असू शकतं. त्याच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना जोडलेल्या असतील, तर पूर्वेला गेलेला पश्चिमेकडून परत येईल आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०च राहील. अशा विश्वात एकच भाग आकाशात दोन दिशांना दिसायला हवा आणि जुन्या प्रकाशाच्या नकाशावर समोरासमोर ठिपक्यांची अगदी सारखी वर्तुळं सापडायला हवीत. कॉर्निश, स्पर्गेल, स्टार्कमन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ती शोधली. सापडली नाहीत. पुढे प्लँकच्या नकाशातही नाहीत. आयुकात दीर्घकाळ काम केलेले तरुण सौरदीप यांनी बाँड आणि पोगोस्यान यांच्याबरोबर याच प्रश्नावर काम केलं: विश्व असं बंदिस्त असेल तर त्या जुन्या प्रकाशावर त्याची कोणती खूण उमटेल? आजवरच्या शोधाचा निष्कर्ष असा की विश्व असं जोडलेलं असलंच, तर जोडणीचं अंतर साधारण दृश्य विश्वाच्या व्यासाएवढं किंवा त्याहून मोठं असलं पाहिजे. मात्र काही आकारांसाठी हे दार अजून बंद झालेलं नाही.

आता दुसरी बाजू धरू. विश्व खरोखर अनंत आहे आणि सगळीकडे साधारण असंच द्रव्य विखुरलेलं आहे. ठरावीक जागेत कण मांडण्याच्या पद्धती अफाट असल्या तरी मोजक्याच असतात. जागा अनंत असेल तर मांडणी कधीतरी पुन्हा येणारच. मॅक्स टेगमार्कने २००३मध्ये हिशेब मांडला: हुबेहूब तुमच्यासारखा माणूस किती दूर असेल? आकडा आला १ वर इतकी शून्यं, की त्या शून्यांचीच संख्या १ वर २९ शून्यं एवढी आहे. हा आकडा लिहायला एका थेंबावर एक शून्य लिहायचं ठरवलं, तर भरलेली १ लाख ७० हजार कोटी कोयना धरणं लागतील. पृथ्वीवरचे समुद्र पुरणार नाहीत, असे साडेतीन हजारांहून अधिक समुद्र लागतील. त्यात आकडा मावणार नाही, फक्त त्याची शून्यं मावतील. आणि हे अंतर मीटरमध्ये आहे की प्रकाशवर्षांत, हे विचारायचंही कारण नाही. मीटरचं प्रकाशवर्ष करायला १६ शून्यं खोडावी लागतात. एवढ्या शून्यांत ती १६ कुठे गेली ते कुणाला कळणारही नाही.

तरीही हा आकडा सांत आहे. अनंताच्या तो यत्किंचितही जवळ नाही. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिचा गुण सांगितला: तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. अनंत विश्व प्रसरण पावतं तर ते कशात पसरतं, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर या गुणात आहे. आधीच अनंत असलेल्याला वाढायला बाहेरची जागा लागत नाही. त्याच्या आतली अंतरं वाढतात, ते अनंतच राहतं.

म्हणून सांत आणि अनंत या दोन शक्यता तराजूच्या दोन सारख्या पारड्यांत बसत नाहीत. विश्व सांत असेल तर त्याचा पुरावा मिळू शकतो. उद्या वक्रता नक्की शून्याहून वेगळी, बंद बाजूची निघाली, किंवा आकाशात वर्तुळांची एक जोडी सापडली, की निकाल लागण्याच्या दिशेने मोठं पाऊल पडेल. विश्व अनंत असेल तर ते सिद्ध करणारं निरीक्षण असूच शकत नाही. कुठलंही यंत्र ‘वक्रता बरोबर शून्य’ असं सांगू शकत नाही. ते फक्त ‘एवढ्याहून कमी’ असं सांगतं. आणि या कमी होण्यालाही निसर्गाने सीमा घातली आहे. वक्रतेचा वाटा दहा हजारांत एकाच्या खाली गेला, की विश्वातले जागोजागचे चढउतार आणि अख्ख्या विश्वाची वक्रता यांत फरक करता येणार नाही. विश्वाच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे दीड लाख कोटी प्रकाशवर्षांहून मोठी असेल, तर कितीही चांगली दुर्बीण बांधली तरी ते बंद आहे की अनंत, हे वक्रतेवरून कधीच कळणार नाही.

ही सीमा सांगता येणं हे मला विज्ञानाचं फार मोठं यश वाटतं. आज आपलं मोजमाप हजारात दोनाच्या आसपास आहे, सीमा दहा हजारांत एकाची. मधली वीसपट वाट चालण्याजोगी आहे. जुलै २०२३मध्ये निघालेलं युरोपचं ‘युक्लिड’ यान कोट्यवधी दीर्घिकांचा नकाशा करून तीच वाट चालतं आहे. विश्व अनंत आहे असं कुणी ठामपणे सांगितलं, तर ते मोजून सांगितलेलं नाही हे ओळखावं. ‘विश्व एवढंच’ असं कुणी म्हटलं, तर त्याला वक्रता किंवा वर्तुळं दाखवायला सांगावं. नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाला राहिलेल्या एका गणित्याने मोजलेलं आणि मानलेलं यांच्यात जी रेघ ओढली, ती मोजमाप १ कोटी ८० लाख पटींनी वाढल्यावरही तशीच कामाची आहे. आमच्या तालुक्यातली मुलं रोजचा टीएमसीचा आकडा तोंडपाठ सांगतात. त्यांना परार्धाच्या पलीकडच्या आकड्यांची भीती वाटू नये, आणि आकड्याने काय सिद्ध होतं नि काय होत नाही हे त्यांना शाळेतच शिकवलं जावं. वीसपट वाट उरली आहे, ती चालणाऱ्यांत त्यांच्यातलंही कुणीतरी असायला हवं.